गार्डाचा डबा

मालगाडीच्या अगदी अखेरीस, एकसारख्या दिसणाऱ्या पन्नास-साठ वाघिणींच्या मागे, एकच डबा वेगळ्या घडणीचा असतो. टोकाला कठडा लावलेला उघडा ओटा, मध्ये दारे-खिडक्यांची लहान खोली, आत एक आसन, हाताने फिरवायचे चाक आणि हवेचा दाब दाखवणारी तबकडी, मागच्या बाजूस दिवसा पाटी आणि रात्री लाल दिवा, एवढाच त्याचा संसार असतो. रेल्वेच्या कागदोपत्री त्याचे नाव ब्रेक व्हॅन असले तरी बोलण्यात तो गार्डाचा डबा म्हणूनच ओळखला जातो. उत्तर अमेरिकेत याच जातीच्या डब्याला कबूस म्हणतात. तेथे तो १९८० च्या दशकापासून नित्याच्या वाहतुकीतून बाद होत गेला आणि बाद झाल्यावरच त्याच्याविषयीच्या प्रेमाला खरे उधाण आले. भारतात मात्र हा डबा अजून धावतो. मनमाडजवळच्या पानेवाडी येथील इंधनसाठ्यावरून निघणाऱ्या किंवा तिकडे रिकाम्या परतणाऱ्या टँकरगाड्या, धान्य, खत आणि सिमेंट वाहणाऱ्या गाड्या छत्रपती संभाजीनगरच्या स्थानकातून जातात, तेव्हा त्यांच्या शेपटाशी तो आजही दिसतो.

या डब्याच्या इतिहासातील सर्वांत लक्षणीय बाब अशी की, ज्या कामावरून त्याला नाव मिळाले ते ब्रेक लावण्याचे काम त्याच्या हातून केव्हाच निसटले, तरीही तो टिकून राहिला. कारण निघालेली गाडी सगळीच्या सगळी पोहोचली, वाटेत तिचा एखादा तुकडा मागे राहिला नाही, याची खात्री देणारे दुसरे विश्वासार्ह साधन रेल्वेकडे दीर्घकाळ नव्हते. ब्रेक लावणारा माणूस हळूहळू साक्षीदार बनला, आणि या डब्याविषयी वाटणाऱ्या आकर्षणाचे मूळही त्या साक्षीदारात शोधावे लागते.

मराठवाड्यापुरते पाहिले तर ही कथा मीटरगेजपासून, म्हणजे दोन रुळांमध्ये एक मीटर अंतर असलेल्या मार्गापासून, सुरू होते. निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे या कंपनीने मनमाडपासून तेव्हाचे औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड आणि निजामाबाद या मार्गाने हैदराबाद-सिकंदराबादपर्यंत सहाशे किलोमीटरहून अधिक लांबीचा लोहमार्ग एकोणिसावे शतक सरता सरता उभा केला. कंपनीच्या नावातील ‘गॅरंटीड’ या विशेषणाचा अर्थ एवढाच की, भागधारकांनी गुंतवलेल्या भांडवलावर ठरावीक दराने व्याज देण्याची हमी हैदराबाद संस्थानाने घेतली होती. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने ओळखला जाणारा हा मार्ग १९०० च्या सुमारास वाहतुकीस खुला झाला. पुढे १९३० मध्ये संस्थानाने कंपनीचा कारभार आपल्याकडे घेतला, १९५१ मध्ये हे जाळे मध्य रेल्वेत आणि १९६६ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या दक्षिण मध्य रेल्वेत गेले, तर २००३ पासून नांदेड विभाग अस्तित्वात आला.

या मार्गावरील मालवाहतुकीचा कणा कापूस हा होता. जालना, सेलू, परभणी, नांदेड या गावांत जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आणि दाबून बांधलेल्या गाठी मीटरगेजच्या वाघिणींतून मनमाडला येऊ लागल्या. मनमाडला मात्र प्रवास तुटत असे, कारण तेथून मुंबईकडे जाणारा ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग ब्रॉडगेज, म्हणजे १.६७६ मीटर रुंदीचा होता. एका मापाची वाघीण दुसऱ्या मापाच्या रुळांवर चालणे अशक्य असल्याने प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते हमालांच्या पाठीवरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाई. रेल्वेच्या भाषेत याला ट्रान्सशिपमेंट म्हणतात. निजामाच्या गाडीचा गार्ड आणि त्याचा डबा या सीमेवरून मागे फिरत, आणि पुढच्या प्रवासाची जबाबदारी दुसऱ्या कंपनीचा दुसरा गार्ड घेई. मालाची मोजदाद, वाघिणींची मोहोर शाबूत असणे, एखादी गाठ कमी भरल्यास दोष कोणत्या बाजूचा हे ठरणे, या सर्व गोष्टी त्यामुळे गार्डाच्या नोंदींशी जोडल्या गेल्या. कोळशाच्या इंजिनातून उडणाऱ्या ठिणग्या आणि कापूस यांचे वैर लक्षात घेता, मागून साऱ्या गाडीवर नजर ठेवणारा माणूस या मार्गावर किती गरजेचा होता हे वेगळे सांगायला नको.

ब्रेक म्हटले की आजच्या वाचकाला चालकाच्या हातातील साधन आठवते, परंतु रेल्वेच्या पहिल्या काही दशकांत चालकाला फक्त आपल्या इंजिनाला ब्रेक लावता येत असे आणि मधल्या वाघिणींना गाडी चालत असताना ब्रेक लावण्याची कोणतीही सोय नव्हती. इंजिनाला ब्रेक लागला की मागच्या वाघिणी एकामागून एक पुढच्या वाघिणींवर आदळत, इंजिनाने ओढ घेतली की त्यांना जोडणाऱ्या साखळ्या झटक्याने ताणल्या जात, आणि चढउताराच्या जागी, जिथे गाडीचा अर्धा भाग चढावर आणि अर्धा उतारावर असे, तिथे या ओढाताणीत एखादी जोडणी तुटण्याचा धोका कायम असे. यावर उपाय म्हणून शेवटच्या डब्यात एक जड चाक बसवलेले असे. गार्डाने ते आवळले की स्क्रूच्या साहाय्याने ब्रेकचे ठोकळे चाकांवर दाबले जात, डबा मागे ओढ धरी आणि साऱ्या साखळ्या ताणलेल्या राहत. या कामासाठी डबा मुद्दाम जड केला जाई, कारण हलक्या डब्याची चाके अडली तरी तो रुळांवरून घसरतच पुढे जातो. गार्डाने ब्रेक लावावा असे चालकाला वाटले तर तो तीन आखूड शिट्या देई, आणि हा संकेत भारतीय रेल्वेच्या शिट्यांच्या यादीत पुढेही टिकून राहिला. एका टोकाला वाफेचा चालक, दुसऱ्या टोकाला हाताने चाक फिरवणारा गार्ड, आणि त्या दोघांमध्ये शिटीखेरीज संपर्काचे साधन नाही, अशा व्यवस्थेवर मालवाहतूक चालत होती ही गोष्ट आज नवलाची वाटते.

घाटात या व्यवस्थेची कसोटी लागे. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटात काही ठिकाणी ३७ फूट पुढे जाताना एक फूट चढ आहे, आणि उतरणाऱ्या गाडीचा ताबा सुटला तर तिला अडवण्यासाठी तेथे कॅच सायडिंग बांधलेल्या आहेत. कॅच सायडिंग म्हणजे मुख्य मार्गातून फुटून उलट चढावर जाणारा रूळमार्ग, ज्यावर सुटलेली गाडी चढत जाऊन आपोआप मंदावते. उतरणारी गाडी ठरलेल्या जागी थांबून, तिचे ब्रेक तिच्या ताब्यात असल्याचे सिद्ध झाल्यावरच तिला पुढचा मार्ग खुला होतो. मराठवाड्याच्या मार्गाला असा घाट नाही. अंकाई-टंकाईच्या जोडकिल्ल्यांजवळून तो पठारावर येतो आणि पुढे नगरसूल, रोटेगाव, लासूर, दौलताबाद असा बराचसा सौम्य भूभागातून जातो. तरीही मनमाडकडच्या डोंगराळ टापूत शेवटचा ब्रेक हा निव्वळ उपचार नव्हता.

हातब्रेकवरचा भरवसा किती धोक्याचा असू शकतो हे जगाला १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा येथे कळले. सहलीला निघालेली, मुलांनी भरलेली गाडी चढावर अडकली, तिचे दोन तुकडे करून पुढचा भाग आधी नेण्याचे ठरले, आणि केवळ शेवटच्या डब्यातील हातब्रेकच्या आधारावर सोडलेला मागचा तुकडा उताराने धावत जाऊन मागून येणाऱ्या गाडीवर आदळला. सुमारे ८० जण मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना अखंड ब्रेक सक्तीचे केले. अखंड ब्रेक म्हणजे इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकच नळी आणि प्रत्येक डब्याला त्या नळीशी जोडलेला ब्रेक. भारतात आरंभी यासाठी निर्वात ब्रेक वापरला गेला, ज्यात नळीतील हवा काढून घेतलेली असते आणि बाहेरची हवा आत शिरली की ब्रेक लागतात. मालगाड्यांमध्ये १९८० च्या दशकापासून त्याची जागा दाबलेल्या हवेच्या ब्रेकने घेतली, ज्यात नळीतील दाब कमी झाला की ब्रेक लागतात. दोन्हींमागील युक्ती एकच आहे: गाडी मध्येच तुटली तर नळीही तुटते आणि दोन्ही तुकड्यांना कोणी न सांगता ब्रेक लागतात. आर्माच्या गाडीला हेच मिळाले नव्हते.

अखंड ब्रेक आल्यावर गार्डाच्या चाकाचे महत्त्व घटले, पण त्याची तबकडी महत्त्वाची झाली. इंजिनात नळीचा दाब प्रति चौरस सेंटीमीटर ५ किलोग्रॅम असेल तर ५६ पर्यंत वाघिणींच्या गाडीत शेवटच्या डब्यात तो किमान ४.८, आणि त्याहून लांब गाडीत ४.७ असावा लागतो. दाब शेवटपर्यंत पोहोचला याचा अर्थ मधली नळी कोठे बंद नाही, म्हणजे चालकाने ब्रेक लावल्यास तो शेवटच्या वाघिणीपर्यंत लागेल. गाडी सुटण्यापूर्वी चालक आणि गार्ड दोघांच्या हाती ब्रेक पॉवर सर्टिफिकेट असते, ज्यात किती वाघिणींचे ब्रेक चालू स्थितीत आहेत याची नोंद असते. गरज पडल्यास गार्डालाही आपल्या डब्यातून नळीतील हवा सोडून गाडी थांबवता येते. ब्रेक लावणे हे अशा रीतीने त्याचे रोजचे काम न राहता अपवादाचे झाले, आणि ब्रेक लागतील की नाही हे शेवटच्या टोकाला बसून पाहणे हे रोजचे.

मात्र डबा टिकून राहण्याचे खरे कारण एकेरी मार्गाच्या शिस्तीत आहे. मनमाड ते नांदेड या मार्गाची उभारणी एकेरी रूळमार्ग म्हणून झाली, आणि समोरासमोरच्या गाड्या केवळ स्थानकांतच एकमेकींना ओलांडू शकत. दोन स्थानकांमधल्या भागाला ब्लॉक विभाग म्हणतात आणि एका वेळी त्यात एकच गाडी असावी हा या शिस्तीचा पाया आहे. भारतात अनेक एकेरी मार्गांवर नील यांचे गोळ्याचे यंत्र वापरात होते. दोन स्थानकांतील यंत्रे तारेने जोडलेली असत, त्यांतून एका वेळी एकच धातूचा गोळा बाहेर निघू शके, आणि तो वेताच्या कड्याच्या पिशवीतून चालकाच्या हाती पडल्याशिवाय गाडीला पुढे जाण्याचा अधिकार नसे. ही व्यवस्था चोख होती, परंतु तिच्यात एक फट होती. गोळा इंजिनाबरोबर पुढच्या स्थानकात पोहोचतो, गाडी सगळी पोहोचली की नाही हे त्या गोळ्याला सांगता येत नाही. मधल्या अंधारात दहा वाघिणी तुटून राहिल्या असतील, तर गोळा यंत्रात परत घालून दुसऱ्या गाडीला मार्ग देणारा स्टेशन मास्तर तिला थेट त्या वाघिणींवर पाठवील.

ही फट बुजवण्याचे काम शेवटच्या डब्यावरील खूण करते. दिवसा ‘एल.व्ही.’, म्हणजे लास्ट व्हेइकल, ही अक्षरे असलेली पाटी आणि रात्री लाल दिवा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावरच स्टेशन मास्तराने गाडी पूर्ण आल्याचे मानायचे, आणि ती खूण दिसली नाही तर मागच्या स्थानकाला ताबडतोब कळवून विभाग बंद ठेवायचा. पूर्वी ब्रेक व्हॅनच्या दोन्ही बाजूंनाही दिवे लावत. मागून ते लाल आणि पुढून पांढरे दिसत, त्यामुळे वळणावर चालकाने मागे पाहिले की आपली गाडी शेवटपर्यंत आपल्या मागे आहे हे त्याला कळे. स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीला स्टेशन मास्तर हिरवा बावटा दाखवतो आणि शेवटच्या डब्यातून गार्ड तसाच बावटा दाखवतो, तेव्हा फलाटावरच्या प्रवाशाला तो शिष्टाचार वाटतो. खरे पाहता दोन्ही बाजूंनी गाडीची पाहणी करून, कोठे काही लोंबकळत नाही, दार उघडे नाही, धूर निघत नाही, अशी ती परस्परांना दिलेली ग्वाही असते.

वाटेत गार्डाने काय पाहायचे याची यादी मोठी आहे, पण जुन्या काळी तिच्यात सर्वांत वर असे ते तापलेले अॅक्सल, म्हणजे चाकांना जोडणारा कणा. साध्या बेअरिंगमधील वंगण संपले की घर्षणाने कणा लालबुंद होई आणि अखेर तुटे, गाडी रुळांवरून उतरे. जळक्या तेलाचा वास आणि वाघिणीखालचा धूर मागून लवकर कळे, कारण गाडीचा सारा वारा शेवटच्या डब्याकडे येतो. रोलर बेअरिंग आल्यावर हे प्रकार कमी झाले, तरी संपले नाहीत.

आणि गाडी खरोखर तुटली, घसरली किंवा अडकून पडली तर? रेल्वेचे सामान्य नियम या बाबतीत कमालीचे काटेकोर आहेत. गार्डाने हातब्रेक आवळावा, लाल बावटा किंवा दिवा घेऊन मागे चालत जावे, ब्रॉडगेजवर ६०० मीटरवर एक आणि १,२०० मीटरवर एकमेकांपासून सुमारे दहा मीटर अंतराने तीन फटाके रुळांवर लावावेत. मीटरगेजवर ही अंतरे ४०० आणि ८०० मीटर होती. हे फटाके म्हणजे दारू भरलेल्या चपट्या डब्या असतात. चाकाखाली आल्यावर त्यांचा मोठा आवाज होतो आणि धुक्यात किंवा पावसात दिवा न दिसलेल्या चालकालाही पुढे धोका असल्याचे कळते. लासूर-पोटूळच्या माळरानावर जुलैच्या रात्री, हातात एक कंदील घेऊन, रुळांच्या खडीवरून एक किलोमीटरहून अधिक एकट्याने चालत जाणे हे काम वाचताना सोपे वाटते. त्याचसाठी गार्डाच्या सामानात फटाके, दोन बावटे, तिरंगी हातदिवा, शिटी, प्रथमोपचाराची पेटी, घड्याळ, नियमपुस्तक आणि चष्मा लागत असल्यास जास्तीचा चष्मा एवढे सारे असणे बंधनकारक ठरले.

हे सामान ज्या पेटीत जाई ती लाईन बॉक्स या नावाने ओळखली जाते, आणि भारतीय गार्डाची व अमेरिकी कबूसवाल्यांची तुलना करताना तिच्यापाशी थांबणे आवश्यक आहे. अमेरिकेत १८४० च्या दशकापासून मालगाडीच्या शेवटी कामगारांसाठी डबा जोडण्याची पद्धत पडली. लांबलचक अंतरे, तुरळक वस्ती आणि ब्रेक लावण्यासाठी वाघिणींच्या छतांवरून धावणारे ब्रेकमन यांमुळे त्या डब्यात शेगडी, बाकडी, लिहिण्याचे टेबल आणि झोपण्याची जागा आली. छताच्या वर उंचावलेल्या काचेच्या मनोऱ्यातून गाडीवर नजर ठेवण्याची सोय १८६३ मध्ये आयोवात सुचली असे तेथे परंपरेने सांगितले जाते. महत्त्वाचे म्हणजे, कित्येक कंपन्यांत एक डबा एका कंडक्टरच्या नावे नेमून दिलेला असे. तो त्याचे घर होई, त्याला पडदे लागत, त्यात स्वयंपाक होई, आणि त्या डब्याचा लाल रंग मुलांच्या चित्रांतही पोहोचला. कामगार संघटना आणि कंपन्या यांच्यात १९८२ मध्ये झालेल्या करारानंतर त्याची सक्ती सैल झाली आणि शेवटच्या वाघिणीवर बसवलेले छोटे यंत्र त्याच्या जागी आले. त्यानंतर तेथील जुने कबूस बागांत, संग्रहालयांत, खाणावळींत आणि सुटीच्या निवासांत जाऊन बसले.

भारतीय गार्डाला डबा कधीच नेमून दिलेला नव्हता. आज एक, उद्या दुसरा. मनमाडला उतरून विश्रांतीगृहात, म्हणजे रनिंग रूममध्ये, आठ-दहा तास काढायचे आणि परतीच्या गाडीला जो डबा असेल त्यात चढायचे, असा हा व्यवसाय आहे. नांदेड, पूर्णा, मनमाड यांसारख्या ठिकाणच्या रनिंग रूममध्ये त्याचा स्वयंपाक आणि झोप होई. त्यातही पूर्णा हे तर मीटरगेजच्या काळात इंजिनशेड आणि रेल्वे वसाहतीवर वाढलेले गाव. त्यामुळे डब्याला घरपण आले नाही. ते आले पेटीला. काळ्या रंगाची, नाव आणि मुख्यालय रंगवलेली, कुलूप असलेली जड पेटी गार्डाबरोबर एका डब्यातून दुसऱ्या डब्यात जाई, तिला उचलण्यासाठी स्थानकांवर बॉक्स पोर्टर नेमलेले असत, आणि कोठल्या गाडीचा गार्ड हजर झाला आहे हे फलाटावर ठेवलेल्या पेटीवरून कळे. अलीकडे या पेट्यांऐवजी चाकांची बॅग देण्याचे धोरण आले तेव्हा कर्मचारी संघटनांनी विरोध केला, त्यामागे वजनाची आणि मनुष्यबळाची गणिते होतीच. भारतात गार्डाच्या डब्याविषयी अमेरिकेसारखी भाबडी माया का निर्माण झाली नाही, याचे उत्तर बऱ्याच अंशी या पेटीत आहे. इथली आठवण पेटी, कंदील आणि बावटा या वस्तूंना चिकटली, डबा सरकारी राहिला.

आणि तो डबा सुखाचाही नव्हता. चार चाकांची जुनी ब्रेक व्हॅन लांब गाडीच्या शेवटी जोडलेली असल्याने पुढच्या प्रत्येक वाघिणीतून आलेला झटका अखेर तिच्यात येऊन थांबे. ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने धावताना तिच्यात धड लिहिता येत नसे, आणि गार्डाचे अर्धे काम तर वेळांच्या नोंदी लिहिण्याचेच. दिवा नाही, पंखा नाही, शौचालय असल्यास पाणी नाही, ही या डब्यांविषयीची जुनीच तक्रार आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या त्या खोलीत बारा तास बसणे काय असेल याची कल्पना करता येते, आणि या पदावर स्त्रिया येऊ लागल्यावर हे प्रश्न केवळ गैरसोयीचे राहिले नाहीत. पुढे प्रवासी डब्यांखाली वापरल्या जाणाऱ्या बोगींवर, म्हणजे स्प्रिंगांसह चार-चार चाकांच्या सांगाड्यांवर, बसवलेली आठ चाकांची ब्रेक व्हॅन आली आणि हेलकावे बरेच कमी झाले. काही डब्यांवर सौर पॅनेल लावून दिवा-पंख्याचे प्रयोगही झाले. या डब्याचे गुणगान करणाऱ्यांनी त्यात एक रात्र काढावी, असे गार्ड म्हणत असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

हाताने ब्रेक लावण्याची मूळ पद्धत महाराष्ट्रात एका जागी मात्र फार उशिरापर्यंत जिवंत राहिली. आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधलेल्या आणि १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गावर, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून डोंगर उतरणाऱ्या छोट्या गाडीच्या डब्यांवर ब्रेक पोर्टर बसत आणि चालकाच्या शिटीवर हातांनी चाके फिरवून आपापल्या डब्याचे ब्रेक लावत. २०१६ मध्ये डबे घसरण्याचे प्रकार घडल्यावर तेथे हवेच्या ब्रेकची सोय झाली. विदर्भातील मूर्तिजापूर, यवतमाळ आणि अचलपूर यांना जोडणाऱ्या शकुंतला रेल्वेवर तर मोजक्या कर्मचाऱ्यांत सारा कारभार चाले, आणि लहान थांब्यांवर गार्डच तिकिटे देई.

मनमाड-नांदेड मार्गावरील मीटरगेज १९९० च्या दशकात ब्रॉडगेजमध्ये बदलला गेला आणि मनमाडचे हमालांच्या पाठीवरचे ट्रान्सशिपमेंट इतिहासजमा झाले. गेज बदलल्यावर मीटरगेजची गाडी त्या मार्गावर एका क्षणात परकी होते. तिला दुसऱ्या मीटरगेज भागात पाठवायचे किंवा भंगारात काढायचे, एवढेच दोन मार्ग उरतात. इंजिनांना तरी स्थानकांसमोरच्या चबुतऱ्यांवर जागा मिळते, जुन्या प्रवासी डब्यांचे मुंबई आणि नागपूर येथे उपाहारगृह झाले, नागपूरला मोतीबाग येथे नॅरोगेजचे संग्रहालय २००२ पासून आहे आणि पुण्यात जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात छोट्या प्रतिकृतींच्या रूपाने रेल्वेचे जग पाहता येते. गार्डाच्या डब्याला या रांगेत फार वरचे स्थान नाही. निजामाच्या रेल्वेचा एखादा मीटरगेज गार्डाचा डबा त्याच्या चाकासह, दिव्यांसह आणि शेजारी ठेवलेल्या लाईन बॉक्ससह संभाजीनगर किंवा पूर्णेच्या स्थानकाबाहेर उभा राहिला असता, तर कापसाच्या मराठवाड्याचा इतिहास कोणत्याही इंजिनापेक्षा त्याने अधिक नेमका सांगितला असता.

दरम्यान त्या डब्यातील माणसाचे पदनाम बदलले. जानेवारी २०२२ मध्ये रेल्वे मंडळाने गार्डाला ट्रेन मॅनेजर आणि मालगाडीच्या गार्डाला गुड्स ट्रेन मॅनेजर म्हणण्याचा आदेश काढला. ही कर्मचाऱ्यांचीच जुनी मागणी होती, कारण बाहेरच्या जगात गार्ड म्हणजे पहारेकरी असा समज झाला होता. मोठ्या पदनामाबरोबरच त्याच्या डब्याचे भवितव्य मात्र अधिक अनिश्चित झाले आहे. एका बाजूने अॅक्सल काउंटर, म्हणजे विभागात किती कणे शिरले आणि किती बाहेर पडले हे रुळांवरच मोजणारे यंत्र, गाडी पूर्ण आल्याची साक्ष परस्पर देऊ लागले आहे. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय विभाग मोकळा होत नाही. दुसऱ्या बाजूने एंड ऑफ ट्रेन टेलिमेट्री या यंत्रणेच्या चाचण्या भारतात झाल्या आहेत. तिचा एक भाग शेवटच्या वाघिणीवर बसतो, नळीतील दाब मोजून रेडिओने कळवतो आणि गरज पडल्यास तेथून हवा सोडतो. दुसरा भाग इंजिनात चालकापुढे असतो. अशी गाडी ब्रेक व्हॅनशिवाय चालू शकते, आणि त्या जागी आणखी एक वाघीण जोडता येते, हे रेल्वेच्या हिशेबाला न पटणे कठीण आहे.

या हिशेबात तबकडी, पाटी आणि दिवा यांना पर्याय मिळाला आहे. फटाक्यांना अजून पुरता मिळालेला नाही. अंकाई ते संभाजीनगर या टप्प्याच्या दुहेरीकरणाचे काम हाती घेतलेले आहे, आणि दुहेरी मार्गावर घसरलेल्या गाडीची वाघीण शेजारच्या रुळांवर आडवी पडली तर समोरून किंवा मागून येणाऱ्या गाडीला थांबवणे हे पहिल्या काही मिनिटांचे काम असते. पुढची बाजू चालक आणि त्याचा सहायक सांभाळतील, रेडिओवरून स्थानकालाही कळवतील. मागची बाजू सांभाळायला शेवटच्या डब्यात कोणी नसेल, तर सहायकाला आधी सुमारे सातशे मीटर लांबीची गाडी पायी ओलांडावी लागेल आणि तिथून पुढे फटाके घेऊन १,२०० मीटर जावे लागेल.